राब : खत की रोगनिवारण?

रोपे टाकण्यापूर्वी वाफ्यावर शेण, टहाळ व पालापाचोळा पसरून जाळण्याच्या कोकणातील रिवाजास 'राब' म्हणतात. 'राबणे' या क्रियापदाशी हा शब्द जोडण्याचा मोह होतो. पण निव्वळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारणे धाडसाचे ठरेल. त्याच्या अर्थाचा इतिहास अधिक बोधप्रद आहे.

ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना भाताच्या राबासाठी टहाळ तोडण्याचा हक्क हवा होता. वनखात्याच्या लेखी ती जंगलाची नासाडी होती. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे हे गाऱ्हाणे आले. राब म्हणजे खत, असे एकदा मानले की त्याऐवजी दुसरे खत का चालू नये, हा प्रश्न ओघानेच येतो. शेतकऱ्याचा हक्क अशा रीतीने एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून राहिला.

मान, जोशी व कानिटकर यांनी १९१२ मध्ये राबाविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. केवळ राखेच्या खतगुणाने राबाचा परिणाम उलगडत नाही, माती तापण्यालाही महत्त्व आहे, हे त्यातून पुढे आले. दरम्यान १९०७ मध्ये बटलर यांनी पिथियम या बुरशीवर विस्तृत प्रबंध लिहिला होता. हिच्यामुळे रोपाचा जमिनीलगतचा भाग कुजतो व रोप कोलमडते. वाफा भाजल्याने वरच्या थरातील बुरशी बऱ्याच अंशी नष्ट होते. पुढे तंबाखूच्या रोपवाटिकांविषयीच्या इंग्रजी लिखाणात 'रॅबिंग' हा शब्द रोगावरील उपाय म्हणूनच रूढ झाला. खत म्हणून नाकारला गेलेला राब औषध होऊन परतला!

प्रथा भातपट्ट्यातली असली, तरी खत व रोग यांच्या संबंधाचा हा प्रश्न विष्णुपुरीच्या गोदाकाठालाही चुकलेला नाही. भारी काळ्या जमिनीत पाणी साचले, बी दाट पडले, की वांगी, मिरची, टोमॅटो यांच्या रोपांत 'मर' सुरू होते. फिकट रोपे पाहून युरिया वाढविला, तर नत्राने लुसलुशीत झालेली खोडे बुरशीस अधिकच बळी पडतात. अर्धवट कुजलेले शेणखतही तिला पोसते. उलट पूर्ण कुजलेल्या खतातील सूक्ष्मजीव तिच्याशी स्पर्धा करतात. १९३१ मध्ये हॉवर्ड व वाड यांनी मांडलेल्या इंदूर कंपोस्ट पद्धतीकडे या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. 'मर' या शब्दाबाबत मात्र सावध राहावे : तुरीची मर निराळ्या बुरशीची, फ्युजेरियमची, असून ती उभ्या पिकातही येते.