मोटारसायकलच्या सांगाड्याचा रंग : स्वस्त टिकाऊपणाच्या शोधाचा इतिहास

प्रस्तावना

मोटारसायकलचा पोलादी सांगाडा इंजिनाचा व स्वाराचा भार वाहतो आणि रस्त्याचे धक्के सोसतो. चिखल, पाणी, उडणारी खडी, तेल व बॅटरीतील आम्ल यांचा माराही त्यावर सतत होत असतो. टाकीचा रंग शोभेसाठी असतो. सांगाड्याचा रंग मुख्यतः पोलाद वाचविण्यासाठी असतो. म्हणूनच कमी खर्चात अधिक काळ टिकणारा रंग कोणता, हा प्रश्न दुचाकी उद्योगापुढे आरंभापासून उभा राहिला. या प्रश्नाला वेळोवेळी मिळालेल्या उत्तरांचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. टिकाऊपणा रंगाच्या डब्यापेक्षा रंगाखालील तयारीवर आणि रंग पक्का करण्याच्या साधनांवर अधिक अवलंबून राहिला. ती साधने ज्याच्या हाती होती, त्यालाच टिकाऊ रंग स्वस्त पडला, असे या इतिहासावरून दिसून येते.

जपानिंग आणि भट्टी

सतराव्या शतकात पूर्व आशियातील चकचकीत रोगणकामाच्या वस्तूंना युरोपात मोठी मागणी होती. ज्या वृक्षाच्या चिकापासून ते रोगण बनते, तो युरोपात उपलब्ध नव्हता. तेथील कारागिरांनी मग रोगणाचे थर भट्टीत भाजून तशीच चकाकी साधली. या कसबाला ‘जपानिंग’ असे नाव पडले. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम व वूल्व्हरहॅम्प्टन ही त्याची प्रमुख केंद्रे होती. मुद्राक्षरांसाठी विख्यात असलेला जॉन बास्करव्हिल यानेही 1740 च्या सुमारास बर्मिंगहॅममध्ये हाच व्यवसाय सुरू केला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच परिसरात सायकल उद्योग वाढला आणि हे कसब त्याच्या उपयोगी पडले. डांबरी पदार्थ व जवसाचे तेल यांपासून केलेले काळे रोगण सायकलच्या सांगाड्यावर चढवून भट्टीत पक्के केले जाई. रॉयल एनफिल्ड, बीएसए, ट्रायम्फ या कंपन्या आधी सायकली व नंतर मोटारसायकली बनवू लागल्या; त्यामुळे रंगकामाची ही पद्धतही पुढे चालू राहिली.

काळ्या रंगाच्या वर्चस्वामागे अर्थकारण होते. हे रोगण स्वस्त होते, कठीण होते आणि भट्टीत लवकर वाळत असे. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ मोटार 1914 ते 1925 या काळात केवळ काळ्या रंगात मिळे, त्यामागेही हाच हिशेब होता.

रंगाखालील थर

रंगाचा थर वरून अखंड दिसला, तरी त्यातून पाण्याचा अंश व प्राणवायू हळूहळू आत झिरपतात. खाली क्षार, तेल वा जुना गंज राहिला असेल, तर तेथे फोड येतात आणि पुढे पोपडे निघतात. म्हणून लोखंडावर प्रथम अस्तर देण्याची प्रथा पडली. त्यासाठी जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर, म्हणजेच शिशाचे तांबडे ऑक्साइड, दीर्घकाळ वापरला गेला. महाराष्ट्रात मारुतीच्या मूर्तीला तेलात कालवून लावला जाणारा पारंपरिक शेंदूर हाच पदार्थ होय. तेल व शिसे यांच्या संयोगातून तयार होणारी संयुगे गंज रोखतात, हे त्याच्या यशाचे कारण होते. शिशाची विषबाधा ही त्याची किंमत होती.

दुसरा मार्ग रसायनशास्त्राने दाखविला. थॉमस वॉट्स कॉसलेट यांनी 1906 मध्ये पोलादावर फॉस्फेटचा थर चढविण्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. या खरखरीत थरावर रंग घट्ट बसतो आणि ओरखडा पडला तरी गंज फारसा पसरत नाही. पुढे वाहननिर्मितीत ही प्रक्रिया सार्वत्रिक झाली. मात्र तिला धुण्याच्या व बुडविण्याच्या टाक्या लागतात. एकट्या कारागिराला तो खर्च परवडणारा नव्हता.

भट्टीविना रंग

ड्यू पॉन्ट कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज रंग 1923 मध्ये अमेरिकेतील ‘ओकलंड’ मोटारींवर प्रथम वापरला गेला. जेथे पूर्वी अनेक दिवस वा आठवडे लागत, तेथे फवारलेला हा रंग भट्टीविना अल्पावधीत वाळू लागला. लहान कार्यशाळांना त्याचा मोठा लाभ झाला. परंतु त्याचा थर पातळ बसे आणि थिनर लागताच तो पुन्हा विरघळे; सांगाड्यासाठी ही उणीव महत्त्वाची होती. 1920 च्या दशकात विकसित झालेल्या अल्किड रेझिनमुळे अधिक जाड व चिवट एनॅमल मिळाले. तेच पुढे ‘सिंथेटिक एनॅमल’ या नावाने सर्वत्र परिचित झाले.

भारतीय संदर्भ

भारतात रंगउद्योग दुचाकी उद्योगाच्या आधी रुजला. शालिमार पेंट्सची स्थापना 1902 मध्ये झाली. मुंबईत 1920 मध्ये लोअर परळला गहागन पेंट्स, म्हणजे पुढील काळातील नेरोलॅक, आणि 1942 मध्ये एशियन पेंट्स सुरू झाली. मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया 1955 मध्ये, तर म्हैसूरमध्ये आयडियल जावा 1960 च्या सुमारास उभी राहिली. परवाना पद्धतीच्या काळात दुचाकी दुर्मीळ होती. एकदा मिळालेले वाहन दीर्घकाळ वापरावे लागे. त्यामुळे सांगाडा पुन्हा रंगविणे हे गॅरेजचे नित्याचे काम बनले. पॉलिश पेपरने घासणे, रेड ऑक्साइडचे अस्तर आणि त्यावर सिंथेटिक एनॅमल, हा या कामाचा परवडणारा क्रम होता. गेरूच्याच जातीचे रेड ऑक्साइड पाण्याला काहीसे अडविते, पण शेंदराप्रमाणे गंज सक्रियपणे रोखत नाही. म्हणून या क्रमात घासण्याच्या कामात केलेली कुचराई सर्वांत महाग पडे.

पावडर कोटिंग

जर्मनीत एर्विन गेमर यांनी 1950 च्या दशकात तापवलेली वस्तू तरंगत्या प्लास्टिक भुकटीत बुडविण्याची पद्धत शोधली. त्यानंतरच्या दशकात विद्युत्भाराने भुकटी फवारण्याचे तंत्र आले. सुमारे 180 ते 200 अंश सेल्सियसला भुकटी वितळून अखंड थर बनतो. द्रावक उडून वाया जात नाही. लहान शहरांतील कार्यशाळाही आता हे काम मजुरीने करून देतात. भट्टी अशा रीतीने सामान्य वाहनधारकाच्या आवाक्यात आली. तथापि मर्यादाही आहेत. सांगाडा पूर्ण सुटा करावा लागतो. थर एके ठिकाणी फुटला, तर पाणी त्याखाली शिरते आणि वरून काही दिसत नाही. एनॅमलवरील ओरखडा कुंचल्याने बुजविता येतो. येथे तशी दुरुस्ती सहज साधत नाही.

समारोप

स्वस्त रंग कोणता, याचे उत्तर केवळ डब्याच्या किमतीवरून देता येत नाही. स्वच्छता, अस्तर, भट्टी आणि पुढील दुरुस्ती यांचा खर्च त्यात धरावा लागतो. कारागिराचे आरोग्य हाही त्या हिशेबाचा भाग होय. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात 2016 मध्ये करण्यात आले व 2017 पासून लागू झाले. औद्योगिक रंग त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. जुना सांगाडा कोरडा घासताना उडणारी तांबडी धूळ ज्याच्या श्वासात जाते, त्याची नोंद या इतिहासात क्वचितच झाली आहे. स्वस्त टिकाऊपणाची खरी किंमत अनेकदा त्यानेच चुकती केली आहे.