नळाचे गरम पाणी (स्वयंपाकातील वापर)

गीझर, बॉयलर किंवा सोलर यांतून नळाला येणारे गरम पाणी पिण्यासाठी वा अन्न शिजवण्यासाठी घेऊ नये; गार पाणी भरून ते शेगडीवर तापवावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था हाच सल्ला देते, तान्ह्या बाळाच्या दूधभुकटीबाबत तर आवर्जून.

मुख्य कारण शिसे. गार पाण्यापेक्षा गरम पाण्यात ते लवकर आणि जास्त उतरते. अमेरिकेतील अनेक जुन्या घरांना रस्त्यावरून शिशाचीच नळी येई, आणि तांब्याच्या नळ्यांचे सांधे शिसेयुक्त डाख देऊन जोडत. या डाखावर १९८६ मध्ये बंदी आली. तरी पितळी तोट्या उरल्याच: ८ टक्क्यांपर्यंत शिसे असलेली तोटीही कायद्याने ‘शिसेमुक्त’ ठरे! २०१४ पासून ही मर्यादा ०.२५ टक्के झाली. पाणी उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही; वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट किंचित वाढते.

ब्रिटनमध्ये कारण निराळे. तेथील जुन्या घरांत स्वयंपाकघरातला गार नळ थेट मुख्य वाहिनीवर असे, गरम पाणी मात्र माळ्यावरच्या टाकीमार्गे येई. झाकण सरकले की टाकीत धूळ, किडे, एखादे मेलेले पाखरूसुद्धा.

भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक शिसे नसावे. मराठी घरांत बंबाचे पाणी आंघोळीचे आणि आधण चुलीवरचे, अशी विभागणी होतीच. सोलरच्या फुकट पाण्याने ती सैल झाली. गीझरच्या तळाशी क्षारांचा थर बसतो. टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली मॅग्नेशियमची कांडीही झिजत जाते. हा गाळ विषारी नव्हे, पण वरणात कोणाला हवा? शिवाय बचत नगण्य: दोन लिटर पाणी २५ वरून ५५ अंश सेल्सिअसवर न्यायला जेमतेम ०.०७ युनिट वीज लागते, आणि विजेच्या गीझरने ती आधीच खर्चलेली असते.

कोमट टाकीत वाढणाऱ्या लीजनेला जंतूची धास्ती शॉवरच्या तुषारांपुरती. ते श्वासावाटे फुप्फुसात जातात. उकळत्या आमटीत तो टिकत नाही.

रात्रभर नळीत साचलेले पहिले पाणी भांडी विसळायला वापरावे. मे महिन्यात गच्चीवरची टाकी तापून दुपारी गार नळालाही कढत पाणी येते. तेव्हा सकाळीच भरलेल्या पिंपातले घ्यावे.