ढगांवरचे ऊन आणि पाच क्षेपणास्त्रे

क्षेपणास्त्र उडताना त्याच्या बुडाशी भडकणारी आग अवकाशातून टिपायची, ही कल्पना सांगायला सोपी. अमेरिकेने १९६० साली ‘मिडास’ उपग्रहांनी तिचा पिच्छा पुरवायला घेतला, तर पहिला उपग्रह कक्षेत पोहोचलाच नाही. पण हट्ट सोडण्यासारखा नव्हता. जमिनीवरच्या रडारला क्षेपणास्त्र क्षितिजावर आल्यावरच दिसते. म्हणजे हाती जेमतेम पंधरा मिनिटे. उपग्रहामुळे ती जवळपास दुप्पट होत होती. नोव्हेंबर १९७० मध्ये ‘डीएसपी’ मालिकेतला पहिला उपग्रह गेला. पुढच्या उपग्रहांनी सुमारे ३६,००० किलोमीटरवरून, स्वतःभोवती फिरत, दर दहा सेकंदांनी पृथ्वीवर नजर फिरवली.

खरा वैरी ऊन. उंच ढगांवरून परतणारे ऊन अवरक्त दुर्बिणीला आगीसारखेच दिसू शकते.

सोव्हिएत अभियंत्यांनी यावर तिरकस तोड काढली. त्यांच्या ‘ओको’ उपग्रहांची लांबट कक्षा अशी आखली, की अमेरिकेचे क्षेपणास्त्र-तळ पृथ्वीच्या कडेशी दिसावेत आणि उडालेले क्षेपणास्त्र काळ्या अवकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसावे. युक्ती देखणी होती, पण विषुवदिनाच्या आसपास सूर्य, उपग्रह आणि ते तळ नको तसे जुळून आले.

२६ सप्टेंबर १९८३. मध्यरात्र नुकतीच उलटलेली. मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव्ह-१५ या केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह ड्युटीवर होते. भोंगा वाजला: अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र निघाले. मग दुसरे, असे करत पाच. कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडून २६९ माणसे मेल्याला महिनाही झाला नव्हता, त्यामुळे वातावरण पेटलेलेच होते. पेत्रोव्ह यांनी हिशेब केला: युद्ध सुरू करणारा पाचच क्षेपणास्त्रे कशाला सोडेल? रडारवरही काही नव्हते. त्यांनी वरिष्ठांना ‘खोटा इशारा’ असे कळवले. तो खोटाच होता: उपग्रहाने ढगांवरचे ऊन आग समजून टिपले होते.

त्यांनी जग वाचवले, असे सर्रास म्हटले जाते. ते जरा जास्तच होते. अण्वस्त्रांचे बटण त्यांच्या हाती नव्हतेच, त्यांचे काम वर कळवण्याचे होते. तरी यंत्र ठामपणे ‘हल्ला’ म्हणत असताना उलट कळवायला छाती लागते. बक्षीस तर दूरच, नोंदवही भरली नाही म्हणून त्यांना बोल मात्र खावे लागले.

पुढे सोव्हिएतांनी भूस्थिर कक्षेतूनही पाहायला सुरुवात केली. ‘ओको’ची जागा घेणाऱ्या ‘तुंद्रा’ मालिकेतला पहिला उपग्रह रशियाने नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला.