वाळवणातील लहान हात

महाराष्ट्रातील जुन्या गृहव्यवस्थेत लहान मुलांचा पाकक्रियेशी संबंध मुख्यतः दोन ठिकाणी येत असे: एक भातुकलीत, जेथे चिमुकल्या पितळी भांड्यांतून चुरमुरे, डाळे आणि गूळ यांच्या पंगती उठत, आणि दुसरा चैत्र-वैशाखातील वाळवणात, जेथे मुलांच्या हातची वस्तू खरोखरच वर्षभर घराच्या पानात पडे. भातुकलीविषयी आपल्याकडे पुष्कळ हळवेपणाने लिहिले गेले आहे. वाळवणातील मुलांची दखल मात्र क्वचितच कोणी घेतली; आणि माझे तर असे मत आहे की, आपल्या घरांत मुलांनी मोठ्यांच्या बरोबरीने अन्न रांधण्याचा खरा इतिहास तेथेच शोधावा लागतो.

नित्याच्या स्वयंपाकात, विशेषतः ब्राह्मणी घरांत, मुलांना मुक्त प्रवेश नसे. सोवळ्याचा अंमल कडक, चूल धगधगती आणि राबणारी माणसे घाईत. तेव्हा ‘दूर हो’ ही ताकीदच अधिक वेळा कानी पडे. मुलींना आत बोलावले जाई, परंतु त्या बोलावण्यामागे सासरची धास्ती असे. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्ये झाला तेव्हा त्या ११ वर्षांच्या होत्या, आणि त्या काळाच्या रिवाजास अनुसरून ही गोष्ट मुळीच विलक्षण नव्हती. ज्या वयात हात अजून पोळपाटावर नीट पुरतही नाहीत, त्या वयात परक्या घरच्या परीक्षेस बसावयाचे असल्यामुळे त्या शिक्षणात आनंदाचा अंश अल्प आणि भयाचा अंश अधिक असणार, हे उघड आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले. त्याची अंमलबजावणी पुष्कळ काळ ढिली राहिली, तरी स्वयंपाकघरातील ही घाई शिथिल होण्याची वाट त्याने मोकळी केली. मुलग्यांना तर कित्येक घरांत हेही शिक्षण लाभले नाही, आणि ती उणीव आपण अद्याप भरून काढलेली नाही.

वाळवणाचे प्रकरण निराळे होते. येथील बरेचसे काम अंगणात किंवा गच्चीवर चाले, आणि कामाचा पसारा एवढा असे की घरातील कोणताही हात वाया जाऊ देणे परवडण्यासारखे नसे. कुरड्यांचा गहू तीन दिवस भिजत घालून, पाणी रोज बदलून, पुढे वाटून, गाळून त्याचे सत्त्व काढीत. मीठ-हिंगाच्या आधणात ते सत्त्व ओतताना एका हाताची धार बारीक आणि अखंड लागे, तर दुसऱ्याचा कलथा क्षणभरही थांबून चालत नसे, कारण थांबला की गुठळी झालीच. म्हणून आजी ढवळी आणि नात धार सोडी. सोऱ्यातून कुरड्या पडण्यापूर्वी वाटीभर ऊन चीक मुलांच्या वाट्यास येई, आणि उडदाच्या पापडांच्या दिवशी तेलात बुडविलेल्या लाट्या लाटण्याआधीच किती नाहीशा होत, याचा हिशेब कोणी घरमालकीण ठेवीत नसे.

परंतु मुलांच्या कौशल्याची पुरी साक्ष पटे ती गव्हल्यांत. रव्याचा घट्ट भिजविलेला गोळा डाव्या हातात धरून, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने त्याचा कण ओढून गव्हाच्या दाण्याएवढा वळावयाचा. मालत्या, नखुल्या, बोटवे हे त्याचेच भाईबंद. लग्नाच्या रुखवतात आणि खिरीत ही वस्तू मानाची, आणि ती वळण्यास जाड, खरखरीत बोटांपेक्षा लहान बोटे अधिक योग्य. मोठ्यांहून मुलांना सरस जमावे असे काम घरात फारसे नसते. ज्या मुलीचे गव्हले एकसारखे उतरत, तिला शेजारच्या घरांतूनही बोलावणे येई, आणि त्या बोलावण्याचा तिला वाटणारा अभिमान पूर्णपणे रास्त होता. मुलग्यांकडे पाखरांचा बंदोबस्त असे: हाती काठी, शेजारी कावळ्यांना भिवविण्यासाठी उघडून ठेवलेली काळी छत्री, आणि मावळतीपूर्वी सगळा जिन्नस मोजून घरात आणण्याची जबाबदारी.

या कामात गणितही आपोआप शिकले जाई. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे कोष्टक पाटीवर घोकण्याआधी कोठीघरात हाताने मोजले गेलेले असे. १९५८ पासून देशात दशमान मापे येऊ लागली आणि ते ज्ञान मागे पडले. चिमूट, मूठ, ओंजळ ही मापे तर ज्याच्या त्याच्या हाताची, आणि ती हातानेच दिली-घेतली जात. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० मध्ये आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. ओगले यांनी वाटी-चमच्याचे प्रमाण दिले, आणि बालपणी ज्यांच्या हातात ही मापे पडली नव्हती अशा असंख्य नवगृहिणींना त्याचा आधार वाटला.

मधल्या काळात या घरगुती परिपाठाला शिक्षणशास्त्राची मान्यता मिळाली. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. माँटेसरी पद्धतीतील निवडणे, ओतणे, दळणे यांसारखे जीवनव्यवहार त्यांच्या कार्याबरोबर मराठी बालशाळांत रुजले. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये तर स्वयंपाक हा अभ्यासाचाच विषय झाला, आणि तेथे मुलगेही चुलीपाशी बसले. मला या घटनेचे महत्त्व फार वाटते.

पुढे वाळवणाचाच धंदा झाला. १९५९ मध्ये गिरगावातील एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला, आणि त्यातून ‘लिज्जत’ उभी राहिली. आरंभी तेथे लहान मुलीही येत; पुढे प्रवेशास १८ वर्षांची अट घालण्यात आली. ती अट सर्वथा उचित होती, कारण लाटणीवर रोजी मिळू लागली की मुलाचे शिकणे हा मुलाचा रोजगार होतो. घरांना मात्र अशी अट कोणीच घातली नव्हती. तेथे दुकानातले पुडके आले, अंगणे गेली, आणि धार सोडण्यास कोणी हाक मारीनासे झाले.