फ्रिऑनचा गुण, फ्रिऑनचा दोष

१९२०च्या दशकात अमेरिकी घरांतल्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत. गळतीने माणसे दगावत. १९२८मध्ये थॉमस मिजली यांनी काढलेला फ्रिऑन हा स्थिर वायू ना पेटे, ना विषबाधा करी. फ्रिऑनने पुढे केलेल्या हानीसाठी त्यांना खलनायक ठरवणे अन्यायाचे आहे. मात्र याच स्थिरतेमुळे तो न विघटता स्थितांबरात पोचला आणि अतिनील किरणांनी सुटलेला त्यातला क्लोरीन ओझोन तोडू लागला, हे रसायनशास्त्रज्ञ मोलिना आणि रोलंड यांनी १९७४मध्ये मांडले. क्लोरीन ज्वालामुखीही ओकतात, असा आक्षेप आला. पण तो बहुतांशी पावसात विरघळून खाली येतो, फ्रिऑन विरघळत नाही. खरा दोष पुढच्या दिरंगाईचा. अमेरिकेने १९७८मध्ये फवाऱ्याच्या डब्यांतला फ्रिऑन रोखला, फ्रिजमधला चालूच राहिला. असे वायू आवरणारा माँट्रियल करार झाला तो १९८७मध्ये, अंटार्क्टिकावरची ओझोनची घट जगापुढे आल्यानंतर दोन वर्षांनी.