गुलामगिरीविरोधी छोटे पक्ष आणि अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक

अमेरिकेत गुलामगिरीचा प्रश्न अध्यक्षीय निवडणुकीत आणला तो छोट्या पक्षांनी. हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, म्हणून आम्ही तो येथे थोडक्यात देत आहोत.

१८४० मध्ये लिबर्टी पार्टीचे जेम्स बर्नी यांना देशभरातून जेमतेम ७ हजार मते मिळाली. १८४४ मध्ये ती ६२ हजारांवर गेली. त्या वेळी पोल्क आणि क्ले हे दोन्ही प्रमुख उमेदवार गुलामांचे मालक होते. न्यूयॉर्क राज्यात क्ले सुमारे ५ हजार मतांनी हरले. बर्नींना तिथे १५ हजारांवर मते होती. साहजिकच मतविभाजनाचा ठपका लिबर्टी पार्टीवर आला.

१८४८ मध्ये फ्री सॉईल पार्टीने सुमारे १० टक्के मते घेतली, पण एकाही राज्यात पहिला क्रमांक नसल्याने निर्वाचक मत एकही मिळाले नाही. नव्या प्रदेशांत गुलामगिरी नको, ही तिची मागणी १८५४ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाने उचलली. १८६० मध्ये लिंकन जिंकले. १८६५ मध्ये १३व्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली.

ती ७ हजार मते वाया गेली, असे आम्ही म्हणणार नाही.