रेझिन बाहुलीचा 'स्किन टोन' कसा ठरतो? 'नॉर्मल', 'व्हाईट' आणि 'टॅन'मध्ये नेमका काय फरक असतो?

काचेचे डोळे, बदलता येणारे केस आणि मान, कोपरं, गुडघ्यांतून माणसासारख्या वळणाऱ्या बाहुल्यांचे रील्स अनेकांनी पाहिले असतील. या बाहुल्या खेळण्यांच्या दुकानात मिळत नाहीत. त्या रेझिनच्या असतात आणि त्यांना 'बॉल जॉइंटेड डॉल' किंवा थोडक्यात 'बीजेडी' म्हणतात. जपानमधल्या क्योटोच्या 'व्होल्क्स' कंपनीने १९९९ मध्ये 'सुपर डॉल्फी' नावाची बाहुली बाजारात आणली, तिथून हा छंद पसरला. पुढे कोरिया आणि चीनमध्येही अशा बाहुल्या बनवणारे अनेक स्टुडिओ उभे राहिले. साधारण ६० सेंटीमीटर उंचीची एक बाहुली घ्यायची, तर काहीशे डॉलर मोजावे लागतात आणि ती तयार होऊन यायला कित्येक महिने लागतात.

ऑर्डर देताना गिऱ्हाइकापुढे पहिलाच प्रश्न येतो तो स्किनचा. नॉर्मल, व्हाईट की टॅन? केस नंतर बदलता येतात, डोळे बदलता येतात, ओठांचा रंग पुसून नवा लावता येतो. अंगाचा रंग मात्र एकदाच निवडायचा असतो. त्यात चूक झाली तर ती सुधारणं फार अवघड.

रंग वरून लावलेला नसतो

हे का, ते समजायला विदर्भातल्या घरांमधलंच उदाहरण सोयीचं आहे. यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी या भागात भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्मी बसतात. त्यांचे मुखवटे पितळेचे, मातीचे किंवा अलीकडे फायबरचे असतात. मातीचे आणि फायबरचे मुखवटे आधी एकाच रंगाचे, कोरे असतात. त्यावर पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग गालांवर लाली आणि शेवटी डोळ्यांची आखणी. चार-पाच वर्षांनी रंग उडाला, टवका गेला, तर मुखवटे रंगवून घेता येतात. सासूबाईंच्या काळी पिवळसर असलेला चेहरा सुनेच्या काळात गुलाबी झाला, तरी मुखवटा तोच राहतो.

रेझिन बाहुलीत असा वरचा हात नसतो. पॉलियुरेथेन रेझिन दोन द्रवांचं मिळून बनतं. ते एकमेकांत मिसळले की काही मिनिटांत घट्ट होतात. रंगद्रव्य या द्रवातच कालवतात आणि मग ते सिलिकॉनच्या साच्यात ओततात. म्हणजे बाहुलीचा हात मधोमध कापला तरी आतून तोच रंग दिसतो. कारागीर वरून रंगवतो तो फक्त चेहरा. भुवया, पापण्या, ओठ, गालांवरची छटा, फार तर बोटांच्या पेरांवर थोडी लाली, एवढंच. या कामाला 'फेसअप' म्हणतात. ते पेस्टल आणि ॲक्रिलिक रंगांत होतं आणि वरून मॅट स्प्रे मारून पक्कं केलं जातं.

पूर्ण अंगाला रंग देऊन का भागत नाही? सांध्यांमुळे. प्रत्येक गुडघ्यात, कोपरात, खुब्यात एक गोळा दुसऱ्या खोबणीत फिरतो आणि सगळे भाग आतून इलॅस्टिकच्या दोरीने ताणून धरलेले असतात. बाहुली चार वेळा बसवली-उठवली की सांध्यावरचा रंग घासून निघतो आणि खालचं मूळ रेझिन डोकावतं. सिंहासनावर तीन दिवस स्थिर बसणाऱ्या मुखवट्याला ही अडचण नाही.

'नॉर्मल' म्हणजे नेमकी कोणासारखी?

खरी गफलत होते ती इथे. 'नॉर्मल स्किन' वाचून भारतातल्या गिऱ्हाइकाला वाटतं की मध्यम, म्हणजे गव्हाळ रंग असणार. पार्सल उघडल्यावर निघते ती फिकट गुलाबी किंवा पीच रंगाची बाहुली. यवतमाळच्या कुठल्याही उन्हाळ्यात या रंगाचा माणूस रस्त्यावर सहज दिसणार नाही.

'नॉर्मल' हा शब्द त्वचेचं मोजमाप नाही. कंपनीने सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त ओतलेला रंग, एवढाच त्याचा अर्थ. हा छंद पूर्व आशियात वाढला, तिथल्या गिऱ्हाइकांची आवड गोऱ्या, नाजूक चेहऱ्याकडे झुकलेली होती, म्हणून तोच रंग 'नॉर्मल' ठरला. 'व्हाईट' त्याहून फिकी, जवळपास दुधाच्या सायीसारखी. 'टॅन' म्हणजे उन्हाने रापलेली. हा शब्दही पाहण्यासारखा आहे. मूळ रंग गोराच, तो उन्हात गेल्यामुळे बदलला, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. जन्मतः सावळ्या माणसाला 'रापलेला' म्हणण्यासारखंच हे झालं.

यात फक्त बाहुल्यांच्या कंपन्यांना दोष देऊन चालणार नाही. शाळेच्या कंपासपेटीतला फिकट गुलाबी खडू मराठी मुलंही 'स्किन कलर'चाच म्हणतात. कापडाच्या दुकानात 'स्किन कलरची स्लिप द्या' म्हटलं की दुकानदार बदामी रंगाचं कापड काढतो, मग समोरची बाई कोणत्याही वर्णाची असो. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने आपल्या 'फ्लेश' नावाच्या खडूचं नाव १९६२ मध्ये बदलून 'पीच' केलं. आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली' या क्रीमच्या नावातून 'फेअर' शब्द जायला २०२० उजाडावं लागलं.

मराठीत वर्ण सांगायला शब्दांची कमतरता नाही. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा. स्थळं पाहताना हीच यादी किती बोचरी होते, हे घरोघरी माहीत आहे. पण बाहुली निवडताना ती चांगली उपयोगी पडते, कारण बहुतेक कंपन्यांच्या यादीत गव्हाळ ते सावळा हा मधला पट्टाच विरळ असतो. फिकट रंगांच्या तीन-चार छटा, मग एकदम टॅन, आणि काही ठिकाणी त्यापुढे गडद तपकिरी. जगातली फार मोठी लोकसंख्या ज्या रंगाची आहे, तो रंग या दोहोंच्या मधे कुठेतरी हरवतो. कोरियातल्या 'आयपलहाऊस'सारख्या काही कंपन्यांनी तपकिरी आणि गडद छटा नियमित ठेवल्या, म्हणून त्या शोधणारे लोक त्यांच्याकडे वळतात.

निळा, करडा, जांभळा, पुदिन्यासारखा हिरवा असे 'फँटसी' रंगही मिळतात. पऱ्या, राक्षस, जलपरी अशा पात्रांसाठी ते असतात. दुर्गोत्सवातल्या मूर्ती पाहिलेल्या यवतमाळकराला यात नवल वाटणार नाही. कोलकात्याखालोखाल आपलाच दुर्गोत्सव, असं इथले लोक अभिमानाने सांगतात. त्या मांडवांमध्ये गौरवर्णी देवी, निळी किंवा काळी काली आणि पुष्कळदा हिरवा किंवा गडद रंगवलेला महिषासुर दिसतो. कोणाला कोणता रंग, यातून गोष्टीतली भूमिका सांगितली जाते. बाहुल्यांमध्येही तसंच घडतं. फार वर्षं गडद रंगाची बाहुली म्हणजे योद्धा, जादूगार किंवा 'लिमिटेड एडिशन' असायची. साधी, शाळेत जाणारी, दोन वेण्या घातलेली सावळी मुलगी क्वचितच.

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून कोणती 'चांगली' असं विचारलं. बऱ्याच मुलांनी गोरी निवडली. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' निकालात या कामाचा आधार घेतला गेला. बार्बीने २०१६ मध्ये सात त्वचारंगांची मालिका आणली. प्लास्टिकच्या बाहुल्या कारखान्यात लाखांनी निघतात, त्यामुळे तिथे नवा रंग वाढवणं तुलनेने सोपं आहे. रेझिनच्या बाहुल्या हाताने, थोड्या थोड्या ओतल्या जातात. तिथे हिशेब वेगळा लागतो.

गडद रंगाला जादा पैसे का?

अनेक कंपन्या टॅन किंवा गडद स्किनसाठी वेगळी रक्कम लावतात. गिऱ्हाइकाला हे खटकतं, आणि खटकणं रास्तच आहे. कंपन्या देतात ती कारणं मात्र सगळीच बहाणा नाहीत.

गडद रेझिनमध्ये रंगद्रव्य जास्त लागतं आणि ते नीट कालवलं गेलं नाही तर संगमरवरासारख्या रेघा उमटतात. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे एक बारीक शिवण येते. ती पॉलिश पेपरने घासून काढावी लागते. फिकट बाहुलीवर घासल्याची जागा दिसत नाही. गडद बाहुलीवर तीच जागा पांढुरकी पडते. हवेचा बुडबुडा, नखाचा ओरखडा, सगळं उठून दिसतं. त्यामुळे जास्त भाग बाद होतात आणि हाताचं काम वाढतं.

पण फिकट रंगाची मागणी जास्त म्हणून त्याचं ओतकाम सुधारत गेलं, आणि गडद रंग क्वचित ओतला जातो म्हणून त्याचा हात बसला नाही, हेही तितकंच खरं. दुष्टचक्रच आहे ते.

फोटोत एक, हातात एक

रंगद्रव्य दर वेळी मोजून घातलं तरी प्रत्येक घाण्याची छटा किंचित वेगळी येते. या वर्षीची 'नॉर्मल' आणि तीन वर्षांपूर्वीची 'नॉर्मल' शेजारी ठेवली तर फरक कळतो. एका कंपनीचं डोकं आणि दुसऱ्या कंपनीचं धड जोडण्याची छंदिष्टांमध्ये पद्धत आहे, त्याला 'हायब्रिड' म्हणतात. नाव सारखं म्हणून रंग सारखा, असं समजून केलेली अशी जोडणी बहुतेकदा फसते. मानेपाशी रेघ ओढल्यासारखा फरक दिसतो.

आणखी एक गंमत. दोन रेझिन दिवसाच्या उजेडात तंतोतंत जुळतात आणि घरात एलईडी लावला की एक पिवळट, एक गुलाबी दिसतं. दोन्हींमध्ये वेगवेगळी रंगद्रव्यं असल्यामुळे प्रत्येक प्रकाशात ती वेगळी वागतात. साडीला ब्लाऊजपीस जुळवताना दुकानाच्या दारात जाऊन पाहतात, त्यामागचं कारण हेच.

म्हणून कंपनीच्या सजवलेल्या फोटोंपेक्षा मालकांनी काढलेले साधे फोटो जास्त कामाचे. खिडकीच्या उजेडात, फिल्टर न लावता, शेजारी पांढरा कागद ठेवून काढलेला फोटो मागावा. कागद पांढराच दिसत असेल तर बाहुलीच्या रंगावर बराच भरवसा ठेवता येतो. तिथे जुन्या बाहुलीचा फोटो असेल तर ती किती वर्षांची आहे, हेही विचारावं. परदेशातून मागवलेली बाहुली रंग पटला नाही म्हणून परत करणं जवळपास अशक्य असतं, आणि वर कस्टम ड्युटी भरलेली असते ती वेगळीच. फार स्वस्तात मिळणाऱ्या बाहुल्या बऱ्याचदा 'रिकास्ट', म्हणजे मूळ शिल्पाचा साचा चोरून काढलेल्या नकला असतात. त्यांच्या रंगाचा मूळ कंपनीच्या तक्त्याशी मेळ बसेलच असं नाही.

रंगवून गडद करता येते का?

येते, पण जपून. सिंथेटिक कापडासाठी मिळणारे डिस्पर्स डाय गरम पाण्यात घालून त्यात बाहुलीचे सुटे भाग बुडवतात. रंग रेझिनच्या वरच्या थरात शिरतो. फिकटाचा गव्हाळ करता येतो, उलटं होत नाही. पाणी जास्त गरम झालं तर भाग वाकडे होतात, आणि हात एका छटेचा, पाय दुसऱ्या छटेचा निघण्याची शक्यता कायम असते. रेझिन घासताना उडणारी धूळ आणि स्प्रेची वाफ फुफ्फुसांना घातक असते. त्यामुळे योग्य मास्क आणि उघडी जागा हवीच. पावसाळ्यात दमट हवेत मॅट स्प्रे मारला तर चेहऱ्यावर पांढुरका धूर बसल्यासारखा दिसतो. विदर्भात हे काम दिवाळीनंतर काढलेलं बरं.

ऊन लागलं की

निवडलेला रंग तसाच राहतो, असंही नाही. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यामुळे रेझिन हळूहळू पिवळं पडतं. गुलाबी रंगद्रव्य लवकर उडतं आणि मागे पिवळसरपणा उरतो. व्हाईट स्किन हस्तिदंती होते, नॉर्मल स्किन मळकट पीच. काही टॅन फिकी पडतात, काहींवर हिरवट झाक येते. अतिनील किरणांना रोखणारे घटक घातलेलं रेझिन जास्त टिकतं, पण पिवळं अजिबात पडत नाही असं पॉलियुरेथेन या छंदात सहसा वापरलं जात नाही.

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या यवतमाळमध्ये खिडकीसमोरचं शोकेस ही बाहुलीसाठी सगळ्यात वाईट जागा. नुसत्या काचेने अतिनील किरण पूर्ण थांबत नाहीत. आतल्या भिंतीचं कपाट, दाराला पडदा, आणि न वापरताना सुती कापडात गुंडाळून ठेवणं बरं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत बाहुली ठेवू नये, सांधे सैल पडतात आणि पातळ भाग वाकू शकतात. गडद रंगाचे नवे कपडे घालण्याआधी धुऊन घ्यावेत. काळ्या मखमलीचा किंवा लाल रेशमाचा रंग रेझिनमध्ये मुरतो, आणि तो डाग फिकट बाहुलीवर सगळ्यात आधी दिसतो.

डोकं आणि धड वेगवेगळ्या वेळी घेतलेलं असेल, तर दोन्ही भाग एकाच कपाटात, सारख्याच अंधारात ठेवावेत. एक भाग खिडकीत आणि दुसरा डब्यात राहिला, तर दोन वर्षांत एकाच घाण्याच्या रेझिनचीही दोन माणसं होतात.